पेटीतला धनी

सेंट मार्टिनच्या सणानंतरचा सोमवार, सकाळची वेळ. गढीच्या शस्त्रघरात ऑस्बेर चिलखताला चरबी चोळत बसला होता. काम त्याच्या हातचं होतं. कड्याकड्यांचं ते जड चिलखत वाळूच्या पिंपात घालून गडगडवायचं, गंज झडला की झटकायचं, मग डुकराच्या चरबीचा बोळा फिरवायचा. वीस वर्षं तो हेच करत आला होता. फरक एवढाच, की आज ते त्याला स्वतःच्या अंगावर चढवायचं होतं आणि चर्चपर्यंत मेलेला माणूस बनून जायचं होतं.

ओब्रेमाँच्या गढीची रीतच तशी. सरदार मेला तरी स्वतःच्या दफनाला तो स्वतः घोड्यावर बसून येतो. त्याच्या बांध्याचा एक माणूस शोधायचा, त्याला धन्याचं चिलखत, धन्याची ढाल, धन्याचा लोखंडी टोप द्यायचा आणि धन्याच्याच घोड्यावर बसवायचं. एकदा टोप डोक्यावर चढला की त्याने तोंड उघडायचं नाही. वाटेत भेटेल त्याने गुडघा टेकून त्याला 'धनी' म्हणायचं. वेदीपाशी ढाल ठेवली, तलवार ठेवली आणि शेवटी टोप उतरवून ठेवला, की धनी मेला. तोवर तो मेलेला नाही. पेटीतल्या हाडांचं काय म्हणणं आहे, हे कोणी विचारत नाही.

"चार घास खाऊन घे," त्याची बायको पेरोनेल दारात भाकरी घेऊन उभी होती.

"रीत नाही."

"मेलेल्याला भूक नसते, कबूल. पण तू भोवळ येऊन पडलास तर गाव म्हणेल, धनी दोनदा मेला." तिने भाकरी त्याच्यापुढे ठेवली आणि आवाज खाली आणला. "आपल्या पेरेतचा तो पिंपवाला आलाय बंदरावरून. नवा सदरा घालून पायरीवर बसलाय बिचारा. कागद आजच मिळणार ना रे?"

"दफन झालं की मिळेल. धाकले धनी तसंच म्हणालेत."

"मग तोंड असं का करून बसलायस? आपण सुटणार आज!"

ऑस्बेर चरबीचा बोळा एकाच जागी फिरवत राहिला.

धनी रानुल्फ म्हणजे एक प्रकरणच होतं. सतराव्या वर्षी कमरेला तलवार बांधली, तेव्हापासून हा माणूस स्वस्थ बसलेला कोणी पाहिला नाही. रागावला की जेवणाचं ताट भिंतीवर जायचं, आणि घटकाभराने ज्याच्यावर रागावला त्याच्याच गळ्यात हात पडायचा. रानडुकराच्या मागे लागून एकदा घोड्यासकट ओढ्यात कोसळला. डाव्या पायाची नडगी मोडली. हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्याने ती बसवली, पण वाकडीच. वर अक्रोडाएवढी गाठ आली ती कायमची. त्यावरही धनी खूश होता. पाऊस येणार असला की आदल्या दिवशी गाठ ठणकायची, आणि हा शेतावर निरोप धाडायचा, "गवत झाका."

मग त्याची मुलगी गेली. चार वर्षांची पोर, घसा सुजून तीन दिवसांत गेली. तिला चर्चमध्ये वेदीच्या डाव्या बाजूला, फरशीखाली ठेवलं. त्यानंतर या माणसाने ताट फेकलं नाही की शिकारीला गेला नाही. पुढच्या वर्षी समुद्रापारच्या स्वारीची हाळी आली, तेव्हा खांद्यावर कापडाचा क्रूस शिवून घेतला आणि निघाला. बरोबर ऑस्बेर. सावली कुठे वेगळी जाते!

ट्युनिसच्या किनाऱ्यावर लढाईपेक्षा तापानेच माणसं जास्त मेली. रानुल्फ सहाव्या दिवशी गेला. जायच्या आधी त्याने ऑस्बेरला जवळ बोलावलं. "मला या वाळूत सोडू नकोस. माझ्या पोरीच्या शेजारी ने. नेलंस, तर तू, पेरोनेल, तुझी पोरं, सगळी मोकळी. ना वेठ, ना बांधिलकी." लष्कराच्या पाद्रीने ते लिहून घेतलं, धन्याने मेणावर अंगठी दाबली. ऑस्बेरने क्रूसावर हात ठेवून शपथ घेतली.

एवढ्या लांबून मेलेल्या सरदाराला घरी न्यायची सोय एकच होती. देह मोठ्या हंड्यात, दारू आणि पाण्यात, तासन् तास उकळायचा. मांस सुटतं, ते तिथेच पुरायचं. हाडं धुऊन, लवंगा घालून, पेटीत बंद करून घरी आणायची. त्या दिवशी किनाऱ्यावर पाच-सहा हंडे चढले होते. ऑस्बेरच्या शेजारचा हंडा पिकार्दीच्या सरदार बोद्वँचा. त्याचा नोकर कोलार तो सांभाळत होता. ऑस्बेरच्याही अंगात ताप होता. दुपारच्या उन्हात लवंगांच्या पोत्याला टेकून तो डोळे मिटून बसला, आणि बसला तो झोपलाच.

जागा झाला तेव्हा ऊन उतरलं होतं. दोन्ही हंडे चुलीवरून खाली होते. वाळूवर दोन चादरी अंथरलेल्या होत्या आणि दोन्हींवर हाडं वाळत होती. कोलार एक चादर गुंडाळत होता. "ते तुझं," तो हनुवटीने दाखवून म्हणाला. ऑस्बेरचं डोकं घणघणत होतं. त्याने हाडं दारूने धुतली, हातांची बारीक हाडं दोन पिशव्यांत घालून बांधली, पायांची हाडं न बघताच कापडात गुंडाळली. पाद्रीने पेटीवर मेणाची मोहर मारली. ती मोहर मोडणं म्हणजे पाप. ताप उतरला तेव्हा पहिला विचार आला तो हाच: ते तुझं, असं कोलार म्हणाला. पण कोलारला तरी काय माहीत?

नडगी पाहिली असती तर एका क्षणात कळलं असतं. ऑस्बेर स्वतःला सांगायचा, ताप होता म्हणून पाहिली नाही. खरं कारण भीती होती, हे त्यालाही ठाऊक होतं. गाठ नसती तर? तर धनी कुठल्या तरी परक्या चर्चमध्ये पडणार, पोर इथे एकटी, शपथ खोटी, आणि पेरेतचं लग्न बारगळलं. बांधील माणसाच्या मुलीला मुलखाबाहेर लग्न करता येत नाही. तो पिंपवाला पोरगा चांगला होता, पण बांधील व्हायला कोण तयार होईल? म्हणून ऑस्बेर गप्प राहिला. समुद्रावर गप्प, घरी आल्यावर गप्प, थडग्याचा दगड घडवून होईपर्यंतचे तीन महिने गप्प.

टोप चढवायच्या आधी एलिसांद स्वतः शस्त्रघरात आली. रानुल्फची विधवा, काळ्या वस्त्रात आणखीच लहान दिसत होती. तिने चिलखताच्या कड्यांवरून बोट फिरवलं.

"ऑस्बेर... ते आहेत ना त्या पेटीत?"

ऑस्बेर परतल्यापासून ती हा प्रश्न दर रविवारी विचारत होती.

"हो, बाईसाहेब," तो म्हणाला. दर रविवारी म्हणायचा तसाच.

बाहेर धुकं एवढं दाट होतं, की गढीच्या पुलाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. रानुल्फचा धाकटा भाऊ तुरोल घोड्यावर तयार होता. पुतणे नसल्याने गढी आता त्याची. मनाने वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं. "वा रे! शोभतोयस. मलाच क्षणभर वाटलं, भाऊ उठून कान पिळणार. बघ हं, सवय लागू देऊ नकोस."

टोप डोक्यावर आला आणि जग एका चिरेएवढं उरलं. मोरेल हा धन्याचा म्हातारा काळा घोडा, नवखा माणूस दिसला की चावायचा. आज मान खाली घालून निघाला. पुढे मेणबत्त्या धरलेली माणसं, मागे पेटीची गाडी. धुक्यात चाकांचा आवाजही ओला येत होता.

ओढा ओलांडला आणि ऑस्बेरला टोपात वास आला. लवंग, आंबूस दारू आणि त्याखाली ते दुसरं. तो वास त्याने किनाऱ्यावर घेतला होता आणि पुन्हा कधी घ्यायचा नव्हता. टोप तर तिथे हंड्याच्या जवळपासही नव्हता. त्याने मनाला समजावलं, चरबीचा असेल. मग त्याच्या लक्षात आलं, की टोपात श्वासांचा आवाज फार होतोय. त्याने श्वास रोखला.

आवाज थांबला नाही.

संथ, कोरडा, तहानलेल्या माणसाचा असावा तसा. कानाच्या अगदी मागे. आत... बाहेर... आत... ऑस्बेरच्या पाठीवरून घाम ओघळला. हात वर नेऊन टोप उपटून फेकावा असं वाटलं, पण रीत म्हणजे रीत. त्याने लगाम घट्ट धरला आणि पाठ असलेली एकच प्रार्थना मनात म्हणत राहिला.

तिठ्यावर आंधळी म्हातारी बेर्तीन गुडघे टेकून बसली होती. नातीने तिला हाताला धरून आणलं होतं. टापा ऐकून तिने मान वर केली.

"आले का धनी?"

"आले गं आजी. हळू बोल."

"आणि मागे कोण बसलंय? एका घोड्यावर... दोघं?"

"आजी, गप की... एकटेच आहेत."

"बरं बाई," म्हातारी पुटपुटली, पण क्रूसाची खूण तिने दोनदा केली.

ऑस्बेरने मागे वळून पाहिलं नाही. टोपात मान वळत नव्हती, हे त्याचं नशीब.

चर्चच्या दारात पाद्री लोराँ उभे होते. रीतीप्रमाणे त्यांनी तीनदा विचारलं, "कोण आलंय?" भालदाराने तीनदा उत्तर दिलं, "ओब्रेमाँचा धनी, रानुल्फ." मोरेल दगडी फरशीवर टाप् टाप् करत थेट वेदीपर्यंत गेला. ऑस्बेर उतरला. ढाल ठेवली. तलवार ठेवली. मग टोप काढून वेदीवर ठेवला आणि गार हवा तोंडावर येताच त्याला रडूच यायचं बाकी राहिलं. वास गेला, श्वास गेला. पोरीच्या चिमुकल्या फरशीशेजारी खोल खड्डा तयार होता. चार माणसांनी दोर लावून पेटी उचलली. आता ती खाली गेली, वर दगड बसला, की संपलं. ऑस्बेर मनात म्हणत होता, जाऊ दे खाली, लवकर जाऊ दे.

"हारो..."

आवाज मोठा नव्हता. पण चर्चमध्ये सगळ्यांनी ऐकला.

"हारो... हारो..."

नॉर्मंडीत हा शब्द कोणी गमतीने उच्चारत नाही. ज्याच्या हक्कावर घाला येतोय त्याने तीनदा हारो म्हणावं, की ड्यूक असो वा गुराखी, सगळ्यांनी हातातलं काम तिथल्या तिथे सोडायचं. न्याय होईपर्यंत पुढे काही नाही. दोर धरणाऱ्यांनी पेटी काठावर टेकवली आणि हात झटकल्यासारखे मागे घेतले. पण ओरडलं कोण? लोक एकमेकांची तोंडं बघायला लागले. पाद्री लोराँ मात्र लोकांकडे बघत नव्हते. ते वेदीकडे वळले होते. ऑस्बेरही तिकडेच बघत होता. आवाज रिकाम्या टोपातून आला होता. आणि तो रानुल्फचा नव्हता. धन्याचा आवाज ऑस्बेरने लाख आवाजांत ओळखला असता.

"कोण ओरडलं?" तुरोल गरजला. "पुढे या! गुडघे टेका आणि काय तक्रार आहे ती सांगा. कोणी येत नसेल तर हारो खोटा. मग पेटी उतरवा."

कायदा तसाच होता. हारोला धनी हवा. ऑस्बेर गप्प राहिला असता तर दोन श्वासांत पेटी खाली गेली असती. पेरेत पिंपवाल्याची बाही धरून उभी होती. पेरोनेलचे डोळे त्याच्यावर होते. आणि बाईसाहेब... त्या पेटीकडे बघत होत्या, दर रविवारी विचारताना बघायच्या तशाच. तीन महिने ज्या बाईला तो 'हो' म्हणत आला, तिला आता एका दगडाखाली कायमचं फसवायचं होतं.

ऑस्बेरचे गुडघे आपोआप टेकले नाहीत. त्याने ते टेकवले.

"माझा हारो," तो म्हणाला.

"देवा! काय करतोयस हे?" पेरोनेल किंचाळली.

मग त्याने सगळं सांगितलं. ताप, झोप, दोन चादरी, कोलारची हनुवटी. न पाहिलेली नडगी. "बाईसाहेब, मी दर रविवारी तुमच्याशी खोटं बोललो. पेटीत कोण आहे, मला माहीत नाही." बोलून झाल्यावर छातीवरचं ओझं उतरलं, आणि त्या जागी नुसती भीती उरली. ती पेलणं सोपं होतं.

तुरोलने कपाळाला हात लावला. "शाबास! म्हणजे भाऊ समजून मी कुठल्या पिकार्दीवाल्यासाठी एवढा दगड घडवला! कागदात स्पष्ट लिहिलंय, पोरीच्या शेजारी ठेवल्यावर मोकळीक. ठेवलाच नाही, तर कसली मोकळीक?"

"थांबा, भाऊजी," एलिसांद म्हणाली. "उघडा पेटी."

"वहिनी, मोहर आहे त्यावर!"

"हारो झालाय. आता मोहरेपेक्षा तो मोठा. हो ना, पाद्रीबाबा?"

पाद्रीने मान डोलावली आणि स्वतःच्या हातांनी मेण फोडलं. झाकण निघालं. लवंगांचा वास आला. वरचं कापड बाजूला केलं तर पहिल्यांदा दिसला तो हात. सांधे न सुटलेला, पाचही बोटं जुळलेला हाडांचा एक पंजा, कवटीच्या तोंडावर आडवा ठेवलेला. पाद्रीने तो घाईघाईने उचलून बाजूला ठेवला. त्या घडीला त्याच्याकडे बघायला कोणाला फुरसत नव्हती. एलिसांदने गुडघे टेकले, खालचं कापड उलगडलं, डाव्या पायाचं लांब हाड उचललं आणि डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला.

अंगठा अर्ध्यावर थांबला.

"हेच," ती म्हणाली. "हीच ती गाठ. बारा हिवाळे मी हिला हंसाची चरबी चोळलीय... तरी ओरडायचे, हळू चोळ म्हणून." ती हसत होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "तेच आहेत हो. घरी आलेत. ऑस्बेर, अरे वेड्या, बरोबर आणलंस तू त्यांना!"

ऑस्बेर तिथेच फरशीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. वर्षभराचा गाळ होता, तो एकदाच निघाला. पेरोनेलने आधी त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला, मग मिठी मारली. पेरेत आणि तिचा पिंपवाला तर सरदाराच्या दफनात उड्या मारत होते, त्यांना कोणी आवरलंही नाही.

पंज्याची आठवण झाली ती नंतर. पाद्री लोराँनी पेटीतल्या दोन्ही पिशव्या सोडून पाहिल्या. एकीत डाव्या हाताची हाडं, एकीत उजव्या, पुरी. मग हा? त्यांनी स्वतःचा हात शेजारी धरून पाहिला. उजवाच.

"मी नाही ठेवला तो," ऑस्बेर म्हणाला.

"तापात काय काय ठेवलंस, तुला काय आठवणार?" पाद्री समजुतीने म्हणाले. त्यांचाही चेहरा आता सैल झाला होता. "सरळ आहे. त्या बोद्वँ सरदाराचा हात चुकून इकडे आला. त्याचा तो हारो. आपला हात मागत होता बिचारा. नेऊन दे त्याला."

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. भुताला कारण सापडलं की गावाला भूक लागते. रानुल्फला लेकीच्या शेजारी ठेवलं, दगड बसला, आणि अंगणात खारे मासे, चीज आणि सफरचंदाच्या दारूवर गाव तुटून पडलं. तुरोलने कसनुसं तोंड करून कागद ऑस्बेरच्या हातात दिला. "घे बाबा. माझा सर्वांत चांगला माणूस गेला. आता चिलखताला चरबी मीच चोळू काय?"

"मजुरी द्या, मी चोळतो," ऑस्बेर म्हणाला. मोकळा माणूस म्हणून हे त्याचं पहिलं वाक्य.

दुसऱ्या दिवशी तो पंजा स्वच्छ फडक्यात बांधून निघाला. आयुष्यात पहिल्यांदा कोणाची परवानगी न विचारता त्याने गढीचा पूल ओलांडला. पिकार्दी आठ दिवसांची वाट. पंज्याने काही त्रास दिला नाही. ना आवाज, ना वास. धर्मशाळांत ऑस्बेर गाढ झोपत होता, सकाळी उठून शीळ घालत चालत होता. पेरेतचं लग्न पुढच्या महिन्यात ठरलं होतं. सरदारालाही त्याचा हात मिळेल, आपलंही पुण्य.

बोद्वँची विधवा मारोत अंगणात डुकराच्या मांसाला मीठ चोळत होती. धिप्पाड बाई, बाह्या कोपरापर्यंत वर. तिने ऑस्बेरकडे पाहिलं, मग त्याच्या काखेतल्या गाठोड्याकडे. तो बोलायच्या आतच ती म्हणाली, "हात आणलायस ना?"

ऑस्बेरने गाठोडं काखेतून काढून पुढे धरलं.

"बस. तू तिसरा." तिने हात पुसले. "सेंट जॉनच्या सणाला एक ब्रेतां मुलखाचा आला होता. सुगीत एक शांपेनचा. दोघंही आपापल्या धन्याची हाडं घेऊन ट्युनिसहून परतलेले. दोघांच्याही धन्याच्या पेटीपाशी कोणीतरी थांबवायला ओरडलं. पेटी उघडली तर आत धनी बरोबर, आणि वर एक हात जास्त. दोघांनाही वाटलं, शेजारच्या हंड्यातल्या माझ्या नवऱ्याचा."

"मग... तुमच्या सरदारांचा..."

"माझा नवरा अख्खा आला. दोन हात, दहा बोटं. मी स्वतः मोजली." तिने फडकं सोडलं आणि बोटाने दाखवलं. "करंगळी बघ. मोडून वाकडी जुळलीय. हाच तो. पहिल्यांदाही हाच, दुसऱ्यांदाही हाच. दोन्ही वेळा मी चर्चमागे पुरला."

"पण बाईसाहेब... आमची पेटी तर तिकडेच बंद झाली होती. वर्षभर कोणी..."

"त्यांच्याही बंदच होत्या."

ती त्याला चर्चमागे घेऊन गेली. भिंतीलगत दोन लहान उंचवटे होते. एकावर गवत माजलेलं, दुसऱ्यावर कोवळं. कोणी उकरल्याची खूण नव्हती. कबरी खणणारा म्हातारा कुदळीला टेकून उभा राहिला.

"त्या दोघांनी... पुढे येऊन कबूल केलं होतं का?" ऑस्बेरने हळूच विचारलं. "आपण झोपलो होतो म्हणून?"

मारोतने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "ब्रेतांवाल्याने केलं. मजेत होता तो, माझ्याकडे दोन वाडगे रस्सा प्यायला. शांपेनचा गप्प राहिला. पेटी पुढे दुसऱ्याच कोणीतरी उघडायला लावली." ती थांबली. "इथे आला तेव्हा बायको बरोबर होती. सगळं तिनेच सांगितलं. त्याच्या तोंडावर फडकं बांधलं होतं. त्या दिवसापासून त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही म्हणाली... फडकं काही सोडू दिलं नाही तिने."

वारा नव्हता. म्हाताऱ्याने कुदळीने गवताळ उंचवट्याला टोचलं.

"आतला आत आहे का, बघायचं उघडून?" तो म्हणाला. "मी दरवेळी विचारतो. बाईसाहेब नको म्हणतात. तुम्ही सांगा."

"नको!" ऑस्बेर एवढ्याने ओरडला की भिंतीवरचे कावळे उडाले.

"नको तर नको," म्हातारा म्हणाला आणि तिसरा खड्डा जरा कडेला घेतला, शेजारी आणखी एखाद-दोन मावतील एवढी जागा सोडून.

ऑस्बेर जेवायला थांबला नाही. वाटेत भेटेल त्याला त्याने हाक मारली. गिरणीवाल्याला, मेंढपाळाला, माणसं संपली तेव्हा गाईंना. लेकीचं लग्न आहे, मी मोकळा आहे, माझं नाव ऑस्बेर, असं तो ओब्रेमाँचा पूल येईपर्यंत आठ दिवस मोठ्याने सांगत होता. गप्प बसायचं धाडस त्याला झालं नाही.